अकूस्टिक गिटारसाठी पिकअप कसा निवडावा: किनारपट्टीवरील वादकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

अकूस्टिक गिटारसाठी पिकअप, म्हणजे गिटारचे कंपन विद्युत संकेतात बदलणारा भाग, घ्यायचा म्हटले की बहुतेक वादक दुकानात किंवा व्हिडिओत ऐकलेल्या आवाजावरून निर्णय घेतात. तो आवाज शांत खोलीत, चांगल्या प्रीअँपमधून (पिकअपचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या यंत्रातून) आणि बहुधा महागड्या गिटारवर ध्वनिमुद्रित केलेला असतो. आपली गिटार मात्र ऑगस्टमधल्या दमट हवेत, भाड्याने आणलेल्या मिक्सरला जोडून, पखवाज आणि झांजांच्या शेजारी वाजणार असते. म्हणून या लेखात निवडीचा क्रम उलटा लावला आहे. आधी जागा, मग पिकअपचा प्रकार, मग तो ज्या यंत्राला जोडायचा ते यंत्र, मग आपली गिटार, आणि आवाजाची आवडनिवड सर्वांत शेवटी. उदाहरणे कोकणातली आहेत, कारण इथली हवा, इथले मंडप आणि दुरुस्तीच्या सोयींचे अंतर या तिन्ही गोष्टींचा या निवडीवर थेट परिणाम होतो.

पहिली पायरी: गिटार कुठे वाजणार हे ठरवणे

गणेशोत्सवाच्या किंवा शिमग्याच्या मंडपात स्पीकर अनेकदा वादकाच्या अगदी कानाशी असतात आणि मिक्सरवर बसलेल्या साउंडवाल्याला गिटारपेक्षा गायकाची आणि ढोलकीची काळजी जास्त असते. तिथे मुख्य प्रश्न फीडबॅकचा, म्हणजे आवाज वाढवताच गिटार घुमू लागण्याचा असतो. वेंगुर्ले किंवा सावंतवाडी परिसरातील चर्चमध्ये गायनवृंदाला साथ करताना, किंवा शाळेच्या सभागृहात एकट्याने गाताना आवाजाची पातळी कमी असते आणि श्रोते शांत असतात. तिथे गिटारचा स्वर कृत्रिम वाटला तर तो लगेच खटकतो. तारकर्ली किंवा गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर उघड्यावर वाजवताना फीडबॅक त्या मानाने कमी सतावतो, कारण आवाज परतवणाऱ्या भिंती आणि छत नसते; पण वारा समोर ठेवलेल्या माईकमध्ये शिरतो आणि खारी हवा जोडणीच्या धातूवर बसते.

फीडबॅकचे कारण इथेच समजून घेतलेले बरे, कारण पुढची सगळी निवड त्यावर उभी आहे. गिटारची पेटी आणि तिच्यातली हवा हे एक अनुनादक आहे. ड्रेडनॉट या मोठ्या, रुंद आकाराच्या गिटारमध्ये पेटीतल्या हवेचा अनुनाद साधारण १०० हर्ट्झच्या आसपास आणि वरच्या फळीचा २०० हर्ट्झच्या आसपास असतो. स्पीकरमधून येणारा याच कंपनसंख्येचा आवाज फळीला हलवतो, पिकअप ती हालचाल पकडतो, स्पीकर ती आणखी मोठी करतो, आणि हे चक्र क्षणार्धात हाताबाहेर जाते. यातून एक सोपा नियम निघतो: पिकअप लाकडाची हालचाल जितकी जास्त टिपतो, तितका तो नैसर्गिक वाटतो आणि तितकाच लवकर घुमतो. बाजारातला प्रत्येक पिकअप या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतो, आणि आपली जागा कोणत्या टोकाकडे झुकते हे माहीत असेल तर निम्मा निर्णय झालेला असतो.

दुसरी पायरी: पिकअपचे प्रकार समजून घेणे

सर्वांत जास्त दिसणारा प्रकार म्हणजे सॅडलखालचा पिएझो पिकअप. ब्रिज म्हणजे वरच्या फळीवरचा, तारा जिथे अडकवतात तो लाकडी ठोकळा, आणि सॅडल म्हणजे ब्रिजच्या खाचेत बसणारी, तारा जिच्यावर टेकतात ती पातळ कांडी. दुकानातून तयार घेतलेल्या इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारमध्ये बहुधा हाच असतो. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्यात विद्युतभार निर्माण होतो, हा गुणधर्म पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिला, आणि त्यावरच हा पिकअप चालतो. सॅडलच्या खाचेत एक पातळ पट्टी बसते आणि तारांचा दाब सॅडलमधून तिच्यावर येतो. आवाज स्पष्ट आणि धारदार निघतो, फीडबॅकला तो बऱ्यापैकी टिकतो, नायलॉनच्या तारांवरही चालतो. दोष असा की जोरात स्ट्रमिंग केले की स्वराच्या सुरुवातीला एक कोरडा, प्लास्टिकसारखा टणत्कार येतो. इंग्रजीत लोक त्याला बदकाच्या ओरडण्याची उपमा देतात, आणि ती चुकीची नाही. फिशमनचा ‘मॅट्रिक्स’ आणि एल. आर. बॅग्जचा ‘एलिमेंट’ हे या प्रकारातले परिचित पिकअप आहेत.

दुसरा प्रकार फळीला चिकटवायच्या पिएझो चकत्यांचा. ब्रिजच्या खाली, पेटीच्या आत असलेल्या ब्रिजप्लेट नावाच्या लाकडी पट्टीवर दोन किंवा तीन चकत्या चिकटवतात. के अँड के कंपनीचा ‘प्युअर मिनी’ हा तीन चकत्यांचा, बॅटरीशिवाय चालणारा संच यातला प्रसिद्ध नमुना आहे. या चकत्या सॅडलवरचा दाब मोजत नाहीत, फळीची हालचाल मोजतात. त्यामुळे स्वरात लाकडाची ऊब येते, पेटीवर बोटांनी दिलेला ठेकाही ऐकू येतो, आणि तो टणत्कार जवळजवळ नाहीसा होतो. चर्च, सभागृह, छोटी मैफल यांसाठी माझी पहिली पसंती हीच आहे. मंडपात मात्र याच गुणाचा दोष होतो. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणारी, पेटीला बाहेरून चिकटवायची एकेरी चकती याच तत्त्वावर चालते, पण तिच्या जागेवर आवाज इतका अवलंबून असतो की ती फक्त प्रयोगासाठी घ्यावी.

तिसरा प्रकार साउंडहोलमध्ये, म्हणजे पेटीच्या गोल तोंडात, अडकवायच्या चुंबकीय पिकअपचा. तो इलेक्ट्रिक गिटारसारखा तारांच्या धातूचे कंपन पकडतो आणि लाकडाची फारशी दखल घेत नाही, म्हणून मोठ्या आवाजात टिकण्यात इतर कोणताही प्रकार त्याची बरोबरी करत नाही. तो दोन स्क्रूंच्या चिमट्याने बसतो, हवा तेव्हा काढता येतो, आणि गिटारला एकही भोक न पाडता त्याची केबल साउंडहोलमधून बाहेर घेता येते. स्वर थोडा इलेक्ट्रिककडे झुकतो हे खरे, पण ढोलकी आणि झांजांच्या गदारोळात तो फरक श्रोत्यापर्यंत पोहोचतच नाही.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नायलॉनच्या तारांवर तो चालतच नाही. आणि फॉस्फर ब्रॉन्झच्या तारांमध्ये वरचे वेटोळे चुंबकाला प्रतिसाद देत नाही, फक्त आतली पोलादी तार देते. त्यामुळे साध्या पोलादाची दुसरी, म्हणजे बी तार, इतरांपेक्षा मोठी वाजण्याची प्रवृत्ती असते. प्रत्येक तारेखालचे स्क्रू वरखाली करता येणारा पिकअप घेतला, किंवा निकेल मिश्रित वेटोळ्याच्या तारा लावल्या, तर हा असमतोल बराच कमी होतो. एकेरी कॉइलचा पिकअप मंडपातल्या रोषणाईच्या माळा आणि डिमर यांची ५० हर्ट्झची घरघर उचलतो, म्हणून हमबकर, म्हणजे दोन कॉइल वापरून ही घरघर रद्द करणाऱ्या बांधणीचाच घ्यावा. फिशमनचा ‘रेअर अर्थ’ आणि बॅग्जचा ‘एम ८०’ हे या गटात येतात. त्यातला ‘एम ८०’ पेटीचे थोडे कंपनही टिपतो, त्यामुळे वर सांगितलेल्या दोन टोकांच्या मध्ये उभा राहतो.

पेटीच्या आत बसवायचा छोटा माईक एकट्याने वापरण्याच्या लायकीचा क्वचितच असतो. खालचे स्वर पिएझोकडून आणि वरचे माईककडून घेणारे जोडसंच उत्तम वाजतात, पण ते महाग असतात, बॅटरीवर चालतात आणि त्यात बिघडण्यासारख्या गोष्टी जास्त असतात. ध्वनिमुद्रण आणि शांत मैफलीपलीकडे त्यांची गरज मला वाटत नाही.

तिसरी पायरी: केबल कोणत्या यंत्रात जाणार ते पाहणे

चांगला पिकअप बसवूनही आवाज पातळ आणि कर्कश येतो, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. दोष बहुतेक वेळा पिकअपचा नसतो, तो इम्पीडन्सचा, म्हणजे विद्युत संकेताला होणाऱ्या रोधाचा असतो. बॅटरी नसलेला पिएझो पिकअप विद्युतदृष्ट्या एका छोट्या कपॅसिटरसारखा वागतो, आणि त्याच्या पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पीडन्स कमी असेल तर खालचे स्वर गळून जातात. उदाहरणादाखल पिकअपची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) १००० पिकोफॅरड धरू. तो १० किलोओमच्या लाइन इनपुटला जोडला तर साधारण १६ हजार हर्ट्झच्या खालचे सगळे उतरत्या क्रमाने क्षीण होते, म्हणजे गिटारचे जवळजवळ सर्व स्वर. १ मेगाओमच्या इनपुटला जोडला तर ही सीमा १६० हर्ट्झवर येते. सहाव्या तारेचा खुला स्वर ८२ हर्ट्झचा असल्याने खर्ज तरीही थोडा हलका वाटतो. १० मेगाओमला ती सीमा १६ हर्ट्झवर जाते आणि प्रश्नच उरत नाही. तीन चकत्यांच्या संचाची धारिता पुष्कळ जास्त असते, त्यामुळे त्याला १ मेगाओम पुरतो.

याचा व्यावहारिक अर्थ असा की बॅटरी नसलेला पिएझो घेणाऱ्याने प्रीअँपचे पैसे त्याच अंदाजपत्रकात धरावेत. कमरेला अडकवायचा किंवा पायाशी ठेवायचा, किमान १ मेगाओम इनपुट असलेला प्रीअँप किंवा सक्रिय (वीज लागणारा) डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा संकेत मिक्सरच्या माईक इनपुटला जुळवून देणारी पेटी, घ्यावा. साउंडवाल्याकडे मिळणारा साधा, ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स अनेकदा १५० किलोओमच्याही खाली असतो. चुंबकीय पिकअपला तो कसाबसा चालतो, पिएझोला चालत नाही. सक्रिय डीआय बॉक्स मिक्सरकडून येणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर चालतो, पण गावातल्या लहान मिक्सरवर ती सोय असेलच असे नाही, म्हणून ९ व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारा निवडावा. काही मिक्सरवर वाद्यांसाठी ‘हाय-झी’ असे लिहिलेला एक इनपुट असतो. तो दिसला तर आधी तोच मागावा.

केबलचाही यात वाटा आहे. पिएझोची केबल लांब झाली की पातळी घटते. चुंबकीय पिकअपची केबल लांब झाली की वरचे स्वर बोथट होतात. दोन्ही बाबतीत गिटारपासून प्रीअँपपर्यंतची केबल पाच-सहा मीटरच्या आत ठेवावी आणि पुढचे लांब अंतर डीआय बॉक्सनंतरच्या माईक केबलने कापावे.

अर्थिंगचा विषय थोडक्यात, पण गंभीरपणे सांगतो. जनरेटरवर किंवा तात्पुरत्या वायरिंगवर चालणाऱ्या मंडपात गिटारचे धातूचे भाग आणि गायकाचा माईक यांच्यात व्होल्टेजचा फरक असू शकतो, आणि ओठ माईकला लागताच झटका बसतो. प्रीअँप आणि मिक्सर एकाच, अर्थिंग असलेल्या बोर्डावरून चालवावेत. घरघर थांबावी म्हणून प्लगची अर्थ पिन काढण्याचा प्रकार कधीही करू नये; त्यासाठी डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचे बटण असते.

चौथी पायरी: आपली गिटार तपासणे

पावसाळ्यात कोकणातली आर्द्रता गिटारला मानवणाऱ्या ४५ ते ५५ टक्क्यांच्या कितीतरी वर असते. लाकूड ओल शोषते, वरची फळी ब्रिजपाशी फुगते आणि तारा फ्रेटबोर्डपासून वर उचलल्या जातात. गणपती नेमके याच दिवसांत येतात, म्हणजे गिटार जेव्हा सर्वांत जास्त फुगलेली असते तेव्हाच ती मोठ्या आवाजात वाजवायची असते. सॅडलखालच्या पट्टीला हे सर्वांत जास्त बाधते. तिच्यावर सहाही तारांचा दाब समान पडण्यासाठी खाचेचा तळ सपाट असावा लागतो. फळीबरोबर ब्रिजला बाक आला की कडेच्या तारा, विशेषतः पहिली आणि सहावी, अशक्त ऐकू येऊ शकतात. चैत्रात नीट वाजणारी गिटार भाद्रपदात असमान का वाजते, याचे उत्तर अनेकदा इथे सापडते. चकत्यांना आणि चुंबकीय पिकअपला हा त्रास जवळजवळ नाही. चुंबकीय पिकअपच्या बाबतीत तारा उचलल्या गेल्याने पातळी किंचित घटते, इतकेच.

म्हणून खरेदीआधी आरसा आणि लहान टॉर्च घेऊन साउंडहोलमधून आत पाहावे. ब्रिजप्लेटवर चकत्या मावतील एवढी मोकळी, सपाट जागा आहे का, की तारांच्या टोकाच्या गुंड्यांनी ती कुरतडली गेली आहे? फळीला आतून आधार देणारे ब्रेसिंग सुटलेले नाही ना? साउंडहोलचा व्यास मोजावा, कारण ड्रेडनॉटच्या साधारण १०० मिलिमीटरच्या होलसाठी बनवलेला चिमटा लहान गिटारीत बसेलच असे नाही. सॅडलच्या खाचेची रुंदी मोजावी; ती बहुधा २.४ किंवा ३.२ मिलिमीटर असते आणि पट्टी त्या मापाचीच मागवावी लागते. गिटारला आधीच बाजूला कापून बसवलेले प्रीअँपचे पॅनेल असेल आणि ते बिघडले असेल, तर त्याच मापाचे दुसरे मिळते का हे आधी पाहावे. मिळत नसेल तर ते तसेच ठेवून साउंडहोल पिकअप लावणे शहाणपणाचे. नव्या गिटारला असे पॅनेल असावे का, या प्रश्नावर माझे मत नकाराकडे झुकते. खाऱ्या हवेत त्यातले आवाज कमीजास्त करणारे सरकते पॉट आणि स्विच खरखरू लागतात, आणि ते दुरुस्त करणारा माणूस शोधायला कोल्हापूर, पणजी किंवा मुंबई गाठावी लागते. पेटीच्या आत जितकी कमी इलेक्ट्रॉनिक्स, तितके किनाऱ्यावर बरे.

पाचवी पायरी: बसवणे

साउंडहोल पिकअप स्वतः बसवता येतो. तारा ढिल्या करून, चिमट्याची फेल्ट किंवा कॉर्कची बाजू लाकडाला लागेल अशा रीतीने स्क्रू हाताने घट्ट करावेत. पॉलिशवर चरा पडेल इतका जोर लावू नये.

चकत्या बसवताना घाई केली तर ती महागात पडते, कारण एकदा चिकटवलेली चकती न मोडता काढणे कठीण असते. सुरुवातीला दुतर्फा चिकटपट्टीने त्या सॅडलच्या रेषेखाली तात्पुरत्या लावाव्यात, प्रीअँपमधून ऐकावे, तारांचा समतोल येईपर्यंत काही मिलिमीटर इकडेतिकडे सरकवाव्यात आणि जागा पेन्सिलने आखून ठेवावी. मग ब्रिजप्लेट पुसून, जेल स्वरूपातल्या सुपरग्लूने पक्क्या कराव्यात. हा ग्लू हवेतल्या ओलाव्यानेच पकड घेतो, त्यामुळे जुलैत तो अपेक्षेपेक्षा लवकर आवळतो आणि चकती सरकवायला फारसा वेळ मिळत नाही. कायमस्वरूपी म्हणून दुतर्फा पट्टीवर विसंबू नये. दमट उष्णतेत ती सैल होते.

सॅडलखालची पट्टी बसवणे हे कारागिराचे काम आहे. खाचेचा तळ सपाट करणे, टोकाशी वायरीसाठी लहान भोक पाडणे, आणि पट्टीच्या जाडीइतकेच सॅडल खालून घासून कमी करणे, ही तिन्ही कामे अचूक व्हावी लागतात. सॅडल खाचेत हाताने बसेल आणि हाताने निघेल इतकेच घट्ट असावे. पावसाळा संपून ओल उतरल्यावर, दिवाळीच्या सुमारास हे काम करून घ्यावे आणि पुढच्या ऑगस्टमध्ये समतोल पुन्हा ऐकून पाहावा.

चकत्या असोत वा पट्टी, गिटार खांद्याला अडकवायच्या पट्ट्याच्या मागच्या पिनेच्या जागी जॅक बसवावा लागतो आणि त्यासाठी ते भोक साधारण १२ मिलिमीटरपर्यंत मोठे करावे लागते. ड्रिल एकदम चालवले की पॉलिशचे टवके उडतात. रीमर या निमुळत्या हत्याराने हळूहळू मोठे केलेले भोक स्वच्छ येते. कारागिराकडे रीमर आहे का, एवढे विचारायला संकोच करू नये. फर्निचरचे उत्तम काम करणारा गावचा सुतार इथे उपयोगाचा असेलच असे नाही.

सहावी पायरी: ऐकून पारखणे

चाचणी ज्या पातळीवर वाजवायचे त्याच पातळीवर घ्यावी. घरात हळू आवाजात सगळेच पिकअप गोड वाटतात. मिक्सरवरचे बास-ट्रेबल मधोमध ठेवून आधी सहाही तारा एकामागून एक समान जोराने छेडाव्यात आणि कोणती दबते, कोणती उसळते ते ऐकावे. नंतर अगदी हलके आणि मग पूर्ण जोराने स्ट्रमिंग करावे. जोरात वाजवताना स्वर चिरकत असेल तर प्रीअँपचा गेन कमी करून पुन्हा ऐकावे. शेवटी स्पीकरसमोर उभे राहून, कुठलीही तार न छेडता, आवाज हळूहळू वाढवत न्यावा आणि गिटार कुठे घुमू लागते ते पाहावे.

घुमणे १०० हर्ट्झच्या आसपास असेल तर साउंडहोलवर बसणारी रबराची चकती बराच फरक पाडते; चुंबकीय पिकअपने होल व्यापलेले असल्याने त्यावर ती सहसा बसत नाही, पण त्याला तिची गरजही क्वचित पडते. प्रीअँपवर फेज, म्हणजे संकेताची दिशा, उलटवण्याचे बटण असेल तर ते दोन्ही बाजूंना करून पाहावे, कारण स्पीकरच्या त्या विशिष्ट अंतरावर एका बाजूला गिटार लवकर घुमते आणि दुसऱ्या बाजूला उशिरा. नॉच फिल्टर असेल तर घुमणारी कंपनसंख्या त्याने नेमकी कापावी. मिक्सरवरचा, ८० हर्ट्झखालचा आवाज कापणारा लो-कट सुरू ठेवावा. सॅडलखालच्या पट्टीचा टणत्कार दीड ते तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात थोडा कमी केल्याने बराच निवळतो. चकत्यांच्या बाबतीत कापायचे ते १०० ते २५० हर्ट्झच्या भागात. साउंडवाल्याला आकडे सांगितले तर तो ऐकतो. “आवाज जरा बरा करा” असे सांगितले तर तो ट्रेबल वाढवतो.

इतके करूनही मंडपासाठी एक आणि सभागृहासाठी एक असे दोन पिकअप हवेसे वाटले तर त्यात वावगे काही नाही. चकत्या कायमच्या बसवून ठेवाव्यात आणि उत्सवाच्या दिवसांपुरता साउंडहोल पिकअप अडकवावा. दोन्हींची केबल स्वतंत्र ठेवली तर कोणताही बदल न करता हे जमते.

बसवल्यानंतरची काळजी

सक्रिय पिकअपमध्ये केबल जॅकमध्ये घातली की बॅटरी सुरू होते, म्हणून वाजवणे संपताच केबल काढावी. कार्यक्रमाच्या दिवशी नवी बॅटरी घालावी आणि गिटार महिनाभर वापरायची नसेल तर बॅटरी बाहेर काढून ठेवावी. दमट पेटीत गळलेली बॅटरी आतले सर्किट खाऊन टाकते. जॅक खरखरू लागला तर बहुधा त्याच्या संपर्कांवर खाऱ्या हवेचा थर बसलेला असतो. इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर प्लगवर मारून तो प्लग काही वेळा आतबाहेर करावा; शिवणयंत्राचे किंवा खोबऱ्याचे तेल घालू नये. जॅकचा नट पट्ट्याच्या ओढीने सैल होतो आणि आतली वायर पिळून तुटते, त्यामुळे तो दर काही आठवड्यांनी बोटांनी चाचपावा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या जून ते सप्टेंबरमध्ये वरचेवर कढईत किंवा ओव्हनमध्ये मंद आचेवर कोरड्या करून पुन्हा वापराव्यात. साउंडहोल पिकअप काढून ठेवलेला असेल तर तोही त्याच केसमध्ये, कापडात गुंडाळून ठेवावा.